यादीत उरलेला एक ट्रेलर

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लोकांच्या गाड्या जप्त करतात, अशी बातमी जिन्याने वर चढली आणि गच्चीपर्यंत जाऊन पोचली. ऐकणाऱ्यांचा दोष नव्हता. "परवापर्यंत गाडी फाटकात पाहिजे, सबबी नकोत," असं वहिनींनी गॅलरीत उभं राहून फोनवर बजावलेलं चौघांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांतल्या दोघांचे कान तर मुद्दाम दाराला लावलेले होते.

खरी गोष्ट इतकी रंगीत नाही. वहिनी ट्रेलरचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कारकून आहेत. अकरा वर्षं त्यांनी नटबोल्टांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या काळात त्यांच्याशी मुद्दाम बोलायला कोणी आलं नाही. मग एका लॉटमधल्या ब्रॅकेटांचं वेल्डिंग कच्चं निघालं. ट्रेलरच्या चाकांचा ॲक्सल, म्हणजे आस, चौकटीला धरून ठेवतो तो हा ब्रॅकेट. तो तुटला की ॲक्सल तिरका होतो, आणि भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं ऐकेनासा होतो. कंपनीनं ते सगळे ट्रेलर फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावले. एकशे त्रेसष्ट मालकांना पत्रं गेली. पत्र वाचून सात जण आले.

बाकीच्यांना फोन करायचं काम वहिनींच्या गळ्यात पडलं. आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं, की मालक "हो हो, आणतो" म्हणतो तेव्हा तो फक्त फोन ठेवायच्या बेतात असतो. मग त्यांनी मालकांचा नाद सोडला आणि त्यांच्या घरी फोन लावायला सुरुवात केली. बायको, आई, सासू, जी उचलेल ती. एका मालकाची आई स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आली आणि ब्रॅकेट बदलेपर्यंत केबिनमधून उतरली नाही. "हे नियमात नाही," असा शेरा साहेबांनी मारला, आणि यादी आटत चाललेली पाहून स्वतःच खोडला.

शेवटी एकच ट्रेलर उरला. तो वहिनींच्या मोठ्या दिरांचा होता.

दिरांना पाचदा फोन झाला. "माझ्या ट्रेलरवर तुमच्या यादीतला नंबर नाहीच," ते दर वेळी शांतपणे सांगत. चौकटीवर कोरलेला नंबर दिसत नव्हता हे खरं. गेल्याच वर्षी त्यांनी चौकटीला निळ्या रंगाचे तीन हात स्वतः दिले होते, आणि खाली काय आहे हे न बघता दिले होते. आता सोमवारी ते त्याच ट्रेलरवर बावीस टन सळ्या लादून घाट उतरणार होते.

उपाय वहिनींना पाठ होता. पण तिथे फोन उचलणार त्यांची मोठी जाऊ, आणि दोघी जावांचं बोलणं चार वर्षं बंद. कारण, मिक्सरच्या भांड्याचं झाकण. जाऊबाईंनी नेलं आणि परत दिलं ते आपलं नव्हेच, असं वहिनींचं म्हणणं. तेच आहे, तुझी नजर बदलली, असं जाऊबाईंचं.

शनिवारी वहिनींनी तीनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. मधल्या वेळात टेबल पुसलं, सगळ्या पेन्सिलींना टोक काढलं. चौथ्यांदा वाजू दिला.

"कोण?"

"कंपनीतून बोलतेय."

"आवाज ओळखते हो मी. सापडलं वाटतं झाकण?"

"ताई, झाकण राहू दे. भाऊजी कुठेत?"

"झोपलेत. सोमवारी निघायचंय ना."

"ट्रेलर दारातच आहे? मग सुरी घे आणि मागच्या डाव्या चाकाजवळ जा."

"चार वर्षांनी फोन केलास, तो मला चाकाखाली घालायला?"

"चाकाखाली नाही, चाकाजवळ. चौकटीवरचा रंग खरवड आणि आकडे निघतील ते वाच."

बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज आला. मध्येच "रंग तरी किती फासावा माणसानं!" असंही आलं, ते नोंदीत घेतलं नाही. मग जाऊबाईंनी एकेक आकडा वाचला आणि वहिनींनी यादीत एकेकाखाली टिंब दिलं. सगळे जुळले.

"काय होतं गं याने?" जाऊबाईंचा आवाज उतरला होता.

"चाक जागा सोडतं. उतारावर जास्त."

"बरं. ठेव फोन, मला कामं आहेत."

रविवारी सकाळी मोठे दीर ट्रेलरसकट वर्कशॉपच्या फाटकाशी हजर. रविवारी वर्कशॉप बंद असतं हे त्यांना ठाऊक होतं, पण गाडीची किल्ली जाऊबाईंकडून त्यांना याच अटीवर मिळाली होती. वहिनींनी मेकॅनिकला घरून उठवून आणलं. तो खाली सरपटला, फडक्यानं ब्रॅकेट पुसला, बॅटरी मारली आणि म्हणाला, "आहे."

दिरांनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. वेल्डिंगच्या कडेला नखाएवढी चीर होती. ते उठले आणि त्यांनी पँटचे गुडघे झटकले.

"एवढीशी चीर! आणि हिच्यापायी कालपासून तुझी जाऊ मला चहासुद्धा देत नाहीये."

"एवढीशी असते तेव्हा आम्ही फोन करतो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मोठी झाली की आम्हाला येतो."