शेंदराखालचं पिस्तूल

वाटणी झाली तेव्हा माझे वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आणि वाटणी करणारे चुलतेच होते. त्यामुळे काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. विहिरीकाठची काळी रानं काकांकडे गेली, आटपाडीच्या वाटेवरचा खडकाळ माळ माझ्याकडे आला. विहीर काकांच्या वाट्यात. मी पंचांसमोर आवाज चढवला, तशी काकांनी देव्हाऱ्यातून आजोबांचं ठासणीचं पिस्तूल आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"हे घराण्याचं हत्यार हाय. ह्याचं मोल विहिरीएवढं हाय. तुला दिलं."

पंचांनी माना डोलावल्या. पंच दुपारी काकांकडेच जेवले होते.

"विहिरीएवढं मोल हाय तर उडवून दावा," मी म्हणालो.

"उडवायचं काम तुझं. खंडेनवमीला सगळ्यांम्होरं उडालं तर विहिरीवर आठवड्यातली एक पाळी तुझी. न्हाई उडालं तर पुन्ना पाण्याचं नाव काढायचं न्हाई."

मी तिथल्या तिथे शपथेचा बेलभंडारा उचलला. काकांनीही उचलला. राग आला की माझं डोकं चालायचं बंद होतं आणि तोंड चालू राहतं. आजही तसंच आहे. पण एक कळत होतं. एक दिवस जरी विहिरीचं पाणी मिळालं, तरी माळाच्या पायथ्याच्या तुकड्यात काहीतरी पिकलं असतं. नाहीतर मला दुसऱ्याच्या रानात राबायला जावं लागलं असतं, आणि ते दुसऱ्याचं रान बहुतेक काकांचंच असतं.

घरात सांगत, की या पिस्तुलानं आजोबांनी सात दरोडेखोर पिटाळले. मी लहान होतो तेव्हा ते तीन होते. आजोबा गेल्यापासून मात्र पिस्तूल फक्त खंडेनवमीला बाहेर यायचं. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ यांच्या रांगेत ते मांडायचे, आणि घरातली प्रत्येक बाई त्याला आपल्या हातानं तेल-शेंदूर लावायची. वर हळद, कुंकू, अक्षता. पुसायचं कोणी नाही, कारण देवाचा शेंदूर पुसतात का? तीस-पस्तीस वर्षांत पिस्तुलाचा आकार हरवला होता.

विट्याजवळच्या एका वाडीत पलटणीतून पेन्शनीवर आलेले एक हवालदार राहत. पलटणीत ते बंदुका दुरुस्त करायचे. मी फडकं सोडून पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे पिस्तूल हाय का म्हसोबा?"

"आत पिस्तूल हाय, हवालदार."

"आनि हे दुरुस्त करायचं? एक शेळी घीन."

"आवं, शेळीत नवी बंदूक येईल."

"मग आन नवी बंदूक."

तासभर घासाघीस झाली. शेवटी एक कोंबडा आणि त्यांच्या परड्याचं कुंपण घालून देणं, यावर जमलं. कोंबडा म्हातारा होता हे मी बोललो नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे नळीत काडी घातली. काडी अर्ध्यातच अडली. त्यांचा चेहरा बदलला. "बाहेर हो. बार भरल्याला दिसतोय. तुझ्या आज्ज्यानं सोडलाच न्हाई."

मी गोठ्यामागे जाऊन बसलो. माझी छाती मात्र फुगली होती. म्हणजे आजोबा खरंच भरलेलं पिस्तूल घेऊन हिंडत होते, दरोडेखोर खरे होते! बऱ्याच वेळानं हवालदारांनी हाक मारली. पाटावर नळीतून निघालेला ऐवज मांडला होता: मूठभर काळे पडलेले तांदूळ, झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा आणि एक सुपारी.

"बार न्हाई, गड्या. पूजा हाय. दरोडेखोर आलं असतं तर तुमच्या घरानं त्यास्नी सुपारी दिली असती."

शेंदूर निघायला नऊ दिवस लागले. रॉकेलच्या डब्यात बुडवायचं, बांबूच्या कामटीनं खरवडायचं, पुन्हा बुडवायचं. मी एकदा घाईनं वाळू घेतली तशी त्यांनी हातावर चापट मारली. "भांडी घासतोयस व्हय रं?" शेंदराचं एक बरं होतं. त्याच्या खाली लोखंडाला फारसा गंज चढला नव्हता. गंज होता तो घोड्याच्या आत, जिथं देव पोचला नव्हता. आतल्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, दोन तुकडे झालेले. लारीच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भट्टीत घालून त्यांनी नवी घडवली. पहिली तडकली, दुसरी ढिली पडली, तिसरी बसली. मुठीला भुंगा लागला होता, तिथं बाभळीची नवी मूठ आली. कुंपण मी तोवर दोनदा घातलं, कारण पहिलं त्यांना पसंत पडलं नाही. तेवढ्यात कोंबडाही मेला. 

खंडेनवमीला काकांच्या अंगणात गाव जमलं. काकू शेंदराची वाटी घेऊन पुढे आल्या. मी पिस्तूल मागे घेतलं. "काकी, आदी उडू द्या. मग देव करा."

हवालदारांनी नुसत्या दारूचा बार भरून दिला होता. मी हात आभाळाकडे केला आणि चाप ओढला. टक् झालं. एवढंच. काका मिशीत हसले, एक पंच तर उठून उभाच राहिला. हवालदारांनी शांतपणे घोड्याखालची ठिणगीची टोपी बदलली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी पुन्हा चाप ओढला. धाडकन आवाज झाला, पिंपळावरचे सगळे कावळे उडाले, आणि उभा राहिलेला पंच परत खाली बसला.

काका अजिबात गडबडले नाहीत. "शब्द म्हंजे शब्द. पाळी दिली. सोमवार तुझा."

अंगण हसायला लागलं. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. आणि बैलाशिवाय मोट कोण ओढणार? मी पंचांकडे वळलो. ते म्हणाले, "दिवस कुठला ते बोलणं झालंच न्हवतं." खरं होतं. जन्मभर मी लोकांना सौद्यात पकडत आलो. त्या दिवशी वार विचारायचा मात्र विसरलो. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकूंनी कान झाकले होते.

आठ दिवस तसेच गेले. मग फलटणकडच्या एका इनामदाराचा निरोप आला. पिस्तूल उडालं ही बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. त्यांच्याकडे हत्यारांचा परवाना होता, दिवाणखान्यात लावायला जागा होती, आणि गोठ्यात जनावरं होती. मी त्यांना सात दरोडेखोरांची गोष्ट सांगितली. बोलता बोलता ते नऊ झाले. सुपारीचं सांगितलं नाही. संध्याकाळी मी पिस्तूल त्यांना देऊन रेड्यांची एक जोडी घेऊन परत निघालो.

पुढच्या सोमवारी सकाळी विहिरीवर मोट करकरू लागली तसे काका धोतर सावरत पळत आले.

"सोमवारी मोट? म्हादेवाला भितोस का न्हाई?"

"आवं काका, नंदी बैल हाय. ह्यो रेडा. ह्याला सोमवार नसतोय."

त्यांनी रेड्यांकडे बघितलं, मग भोवती जमलेल्या लोकांकडे, मग पंचांपैकी एकाकडे. तो पंच म्हणाला, "जनावर कुठलं ते बोलणं झालंच न्हवतं."

त्या वर्षी माळाच्या पायथ्याला शाळू जोंधळा आला, कमरेएवढाच, पण आला. आता एवढी वर्षं झाली, मी परमुलखात सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान काढलं, वर आलो, काकाही गेले. तरी सांगून ठेवतो: पाणी माझ्या रानात यायचा पाट काकांच्या वाफ्यातून जायचा, आणि माझं निम्मं पाणी तिथंच मुरायचं. त्याचं अजून कोणी मला उत्तर दिलेलं नाही.