आहेरात गेलेली फी

आमचे घर आणि शेजारच्या तांबटकाकांचे घर यांच्यामधून एक अरुंद बोळ मागच्या विहिरीकडे जात असे. त्यात शेवाळाचा ओला गारवा असे, आणि चिंचेने उजळलेल्या तांब्याचा आंबूस वास. मागच्या घरातल्या व्यापाऱ्याने विहिरीच्या बाजूने भिंत घालून तो बुजवला, तेव्हा दोन्ही घरांनी मिळून दावा लावला. वडील शाळामास्तर, काका हातोडीवर जगणारे. दोघांनी एकाच वकीलपत्रावर सह्या केल्या. फी निम्मी निम्मी, असे वकिलांच्या ओसरीवर ठरले.

दावा चालू होता तोवर आई आणि काकू गोदावरीवरून पाणी आणीत. ओल्या पदरांतून ठिबकणाऱ्या पाण्याची एकच ओळ दोन उंबऱ्यांपाशी येऊन दुभंगे.

चैत्र सरताना निकाल आमच्या बाजूने लागला. पाठोपाठ वकिलांचे कारकून आले. उरलेली निम्मी फी मिळेपर्यंत निकालाची नक्कल हाती येणार नव्हती, आणि नकलेवाचून भिंत पाडायला कोर्टाचा बेलिफ येणार नव्हता. सह्या एकाच कागदावर असल्यामुळे ती फी मास्तरांनीच भरावी, शेजाऱ्यांशी मागाहून पाहून घ्यावे, असा निरोप होता. वडिलांनी आपला वाटा केव्हाच दिला होता. आता घरात पैसे होते ते एवढेच, जूनमध्ये मला पुण्याला शिकायला धाडण्यासाठी बाजूला ठेवलेले.

वडील काकांकडे गेले. मी मागे उंबऱ्याशी उभी राहिले. काका चकित झाले. त्यांनी आपला वाटा दिलाच होता. वकिलांच्या मुलीच्या लग्नात घंगाळ, हंडे, कळशा अशी भांडी त्यांनी स्वतः घडवून पोहोचवली होती, फीच्या हिशेबानेच.

"पण तसे वकिलांना सांगितलेत का?" वडिलांनी विचारले.

"लग्नघरी भांड्यांचा भाव कोण काढतो, मास्तर? त्यांनी समजून घ्यायचं."

वकिलांनी समजून घेतले होते, पण निराळेच. आहेर तो आहेर, असे त्यांनी वडिलांना शांतपणे सांगितले. मांडवात आलेली वस्तू फीमध्ये वळती करणे त्यांच्या घराण्याला शोभण्यासारखे नव्हते. भांडी परत मागणे काकांना मेल्याहून मेल्यासारखे वाटले असते. दोघेही आपापल्या रीतीने सभ्य होते, आणि त्या दोन सभ्यतांच्या सांध्यात वडील सापडले.

रात्री आईने काकांवर दावा लावण्याचा विषय काढला. वडील कोरडे हसले.

"वकिलाच्या फीसाठी पुन्हा वकील गाठू?"

दिव्याची वात तडतडत होती, जळक्या तेलाचा वास येत होता. अखेर त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले, "बाळ, पुण्याचं यंदा राहू दे."

मी बरे म्हटले. तो शब्द तोंडात कच्च्या आवळ्यासारखा तुरट होऊन राहिला.

पैसे भरले गेले, नक्कल आली, बेलिफ आला. भिंत पडली तेव्हा चुन्याची धूळ दोन्ही दारांवर सारखी बसली. काका आपल्या पायरीवर, वडील आपल्या. काकांनी दुप्पट भरल्यासारखा चेहरा केला होता. वडिलांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. वकिलांनी आपल्याला लुबाडले आणि मास्तरांनी त्यांचीच बाजू धरली, असे काका आळीत सांगू लागले. आईच्या कानावर ते आले. त्या दिवसापासून ती पहाटे पाणी भरू लागली, आणि काकू उन्हे वर आल्यावर.

पुढच्या वर्षी पुण्याचा विषय निघालाच नाही; निघाला तो माझ्या लग्नाचा. सासरी जाण्याच्या आदल्या दुपारी मी एकटीच विहिरीवर गेले. समोरून काकू भरली कळशी घेऊन आल्या. बोळ एवढा अरुंद की एकीने भिंतीला टेकल्याशिवाय दुसरीला पुढे जाता येत नसे. मी टेकले. त्यांचा ओला पदर माझ्या हाताला लागून गेला, थंडगार. त्या थबकल्या, त्यांनी कमरेवरची कळशी सावरली. मग पुढे गेल्या.