दोन किलोमीटरवरचा तंबू

१९६३ साली मी इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका छोट्या विमानतळावर हवामान निरीक्षक होते. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, दोन खोल्या, त्यांच्यावर लाकडी टॉवर आणि एक जीप. दिवसाला दोन विमानं येत, दहा-बारा माणसं बसतील एवढी. माझी नेमणूक सहा महिन्यांची, कच्ची होती. काम पसंत पडलं तर सातव्या महिन्यात कायम. इकडे येऊन स्थायिक होण्याआधी मुंबईत सात वर्षं कारकुनी केल्यामुळे तक्ते भरणं हातचा मळ होता, हवा मात्र नव्याने शिकले.

सकाळी सहाला पोचलं की क्रम ठरलेला. आधी तापमान, मग वाऱ्याची दिशा आणि वेग, मग जीपमधून धावपट्टीची फेरी. दगड आहेत का, वाळू साचली का, उंट बसलेत का. डांबर उबदार राहतं म्हणून उंटांना धावपट्टी फार आवडायची. शेवटी दृश्यता, म्हणजे किती लांबचं दिसतं ते. त्याला आमच्याकडे यंत्र नव्हतं, प्रत्येक दिशेच्या खुणांची यादी होती. पाण्याची टाकी आठशे मीटर, विजेचा मोठा खांब दीड किलोमीटर, टेकडी पाच. त्या दिशेला सर्वांत लांबची जी खूण दिसेल तेवढी दृश्यता. ती दीड किलोमीटरच्या खाली गेली तर विमानाने उतरायचं नाही.

यादीत दक्षिणेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण तिकडे नुसता माळ होता. विमानं मात्र दक्षिणेकडूनच उतरत. रिकामी ओळ मला बघवत नाही. जानेवारीत त्या माळावर एका बेदुईन मेंढपाळ कुटुंबाचा काळा तंबू होता. मी जीप तिथवर नेली, मीटर वाचला आणि यादीत लिहिलं: दक्षिण, काळा तंबू, दोन किलोमीटर. तंबूतल्या बाईने चहा दिला तो प्यायले. हा तंबू उद्या दुसरीकडे असेल, हे डोक्यातच आलं नाही. मी चाळीत वाढलेली. बिऱ्हाडं बदलतात, इमारत हलत नाही.

पेसाह या आमच्या ज्यू सणाची सुट्टी नणंदेकडे अश्दोदला काढून मी एप्रिलमध्ये कामावर परतले. कायम व्हायला तीन आठवडे उरले होते. परतले त्याच सकाळी शराव सुटला होता, वाळवंटाकडून येणारा गरम, धुळीचा वारा. आठवड्याचे तक्ते तुंबले होते म्हणून धावपट्टीची फेरी जीपवाला एकटाच करून आला. "साफ आहे," म्हणाला.

दहाच्या सुमाराला उत्तरेहून निघालेलं विमान जवळ आलं. वळसा घालून ते दक्षिणेकडून उतरणार होतं. टॉवरमधले अधिकारी बगदादचे, साठीला आलेले. मला ते 'गव्हेरेत', म्हणजे 'बाई', म्हणत. त्यांनी खिडकीतून विचारलं, "गव्हेरेत, दक्षिणेला किती?"

उत्तरेची टेकडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. दक्षिणेला धुळीत काळा ठिपका होता.

"दोन."

"नक्की?"

"तंबू दिसतोय."

त्यांनी विमानाला कळवलं. मी आकडा नोंदवहीत लिहिला आणि तेवढ्यात कुत्रा भुंकला. तंबूवाल्यांचाच, दक्षिणेकडून, अगदी स्वच्छ. दोन किलोमीटरवरचा कुत्रा असा ऐकू येत नाही. मी दुर्बीण लावली. तंबूचा दोर आमच्याच कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबाला बांधलेला होता. तो खांब सातशे मीटरवर. त्यापलीकडे नुसती धूळ.

"दोन नाही!" मी ओरडले. "सातशे! उतरू देऊ नका!"

"तेराशे मीटर एका मिनिटात कुठे गेले? खाल्लेस?"

"तंबू सरकलाय."

"तंबू सरकतातच, गव्हेरेत. म्हणून त्यांना तंबू म्हणतात." पण हे म्हणेपर्यंत त्यांनी माइक उचललेला होता. इंजिनाचा आवाज खाली आला, डोक्यावरून गेला आणि पुन्हा चढला. विमान आम्हाला दिसलंच नाही. अकरा माणसं घेऊन ते परत गेलं.

जीपवाला मागे उभा होता. "आठ दिवस झाले त्यांना इथे येऊन. तिथे चारा संपला. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

वीस मिनिटांनी वारा पडला आणि टेकडीसुद्धा दिसायला लागली.

टॉवरवाले खाली उतरून नोंदवहीपाशी आले. "लिही, धूळ अचानक वाढली," ते हळू आवाजात म्हणाले. "धूळ साक्ष द्यायला येत नाही. तुझे तीन आठवडे राहिलेत."

मला ते पटत होतं. पण धूळ लिहिली तर तंबू यादीत राहणार आणि दुपारच्या पाळीचा माणूस त्याच तंबूकडे बघून दोन म्हणणार. तंबू खोडला तर का खोडला ते लिहावं लागणार. मी पहिल्या आकड्यावर आडवी रेघ मारली, बाजूला 'चूक; खूण सरकली होती; खूण मीच घातली होती' असं लिहिलं, सही केली आणि यादीतूनही तंबू काढला.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठ आले. त्यांनी नोंद दोनदा वाचली. "वीस मिनिटांनी स्वच्छ झालं होतं म्हणे?"

"हो. पण विमान वीस मिनिटं आधी आलं होतं."

ते हसले नाहीत. परवानगीशिवाय खूण घातल्याबद्दल माझी कच्ची मुदत तीन महिन्यांनी वाढवली. खुणा यापुढे मोजणीखातं ठरवेल, असा कागद भिंतीवर लागला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भडकला. "एवढं खरं कोणी विचारलं होतं तुला? आता आणखी तीन महिने जीव टांगणीला!"

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. मी कायम झाले की एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करायचा, असा नवस त्या बोलल्या होत्या. त्यासाठी मुंबईहून आलेल्या कुणाकडून मागून पोहेही आणवले होते.

"विमानातली माणसं सुखरूप पोचली ना?" त्यांनी मला विचारलं.

"पोचली."

"मग ओरडतोस कशाला तिच्यावर? एलियाहू हन्नाबी तीन महिने थांबतील. त्यांना कुठे पाळीवर जायचंय?" आणि पोह्यांना किडे लागू नयेत म्हणून त्या डब्यात सुक्या मिरच्या घालायला लागल्या.