पट्टी कुठली?

गुणाक्काचे किस्से आम्ही कधी मुद्दाम गोळा केले नाहीत, ते आपोआप साठत गेले. आजही आमच्यापैकी दोघं मिरजेच्या स्टँडवर भेटले की एखादा निघतोच आणि त्या नादात कोणाची तरी एसटी चुकते. माझ्या आतापर्यंत दोन चुकल्या आहेत.

आमची बैठक तशी छोटी. मिरजेत बाबूभाईंचा तंबोऱ्यांचा कारखाना होता आणि कारखान्याच्या दारात एक लाकडी बाक. त्यावर रोज संध्याकाळी बसणारे दोघं: ऊसवाले बाबगोंडा अण्णा आणि मी, सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा मास्तर. नव्वदीची सुरुवात होती. अण्णांना गाण्यातलं बरंच कळायचं, मला काही म्हणजे काही कळायचं नाही. पहिला किस्सा त्याच्यामुळेच घडला.

दिवाळी झाली आणि एके दिवशी कारखान्यासमोर रिक्षा थांबली. आतून एक उंच, पन्नाशीची गोरी बाई उतरली. नाव गुनिल्ला, गाव स्टॉकहोम, धंदा ऑपेरा. ऑपेरा म्हणजे काय ते मी सांगायला गेलो, तर अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडचं संगीत नाटक हो!" विषय संपला. बाईंना तंबोरा हवा होता.

बाबूभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारत. "पट्टी कुठली?"

भाषांतराला मी होतोच. मी आत्मविश्वासानं विचारलं, तुमचं बँडेज कुठलं?

बाईंचा हात गळ्यातल्या रुमालावर गेला आणि चेहरा उतरला. चार वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते या माणसाला बाहेरून कसं दिसलं, असं तिनं घाबरत विचारलं.

अण्णांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मला समजावलं की पेटीच्या ज्या पट्टीवर गाणारा आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. कोणाची काळी चार, कोणाची पांढरी एक. छताला टांगलेल्या प्रत्येक भोपळ्यावर खडूनं तेच लिहिलेलं होतं, मी इतकी वर्षं तो मालाचा नंबर समजत होतो. मी नव्यानं भाषांतर केलं.

बाई भोपळ्यांवरची खडूची अक्षरं एकेक करून बघत राहिली. मग म्हणाली की आमच्याकडे स्वर ठरवणारा माणूस शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच मेलेला असतो. त्यानं लिहिलंय तिथं गळा पोचला तर स्टेजवर जायचं, नाही पोचला तर घरी. ऑपरेशननंतर तिचे वरचे सूर पोचेनात, म्हणून ती घरी गेली. पंचवीस वर्षं गायले, पण माझा आवाज कुठं बसतो हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, असं ती म्हणाली. आणि उत्तर तिलाही माहीत नव्हतं.

"मग गाऊन दाखवा," बाबूभाई म्हणाले. "गळा ऐकल्याबिगर आपण भोपळा कापत न्हाई."

ती म्हणाली, मी आता कोणासमोर गात नाही. बाबूभाई म्हणाले, मग आपण तंबोरा करत नाही. दोघंही पक्के. पंधरा दिवसांसाठी आलेली बाई अण्णांच्या मळ्यातली खोली घेऊन राहिली. गुनिल्ला म्हणणं कोणालाच जमेना, दुसऱ्याच दिवशी तिची गुणाक्का झाली.

* * *

अण्णांचं घर जैनांचं. दिवेलागणीच्या आत जेवणं आटपायची आणि चूल बंद. गुणाक्काचं आयुष्य नाटक सुटल्यावर अकराला जेवण्यात गेलेलं. पहिल्या दिवशी ती आठ वाजता ताटावर यायला निघाली, तेव्हा घरात भांडीसुद्धा पालथी पडली होती. दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच पाटावर येऊन बसली, अण्णांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, भाकरी अजून परातीत होती.

* * *

तिचे कान म्हणजे एक प्रकरण होतं. रिक्षाचा हॉर्न वाजला की "काळी तीन," काकूंचा कुकर वाजला की "पांढरी सहा, जरा चढलेली." आम्ही पेटी आणून तपासायचो आणि प्रत्येक वेळी हरायचो.

एका सकाळी अण्णा तोंड धूत होते. अक्का येऊन म्हणाली की विहिरीवरची मोटर कालच्यापेक्षा खाली गातेय. अण्णा हसले. ती दिवसभर त्यांच्या मागेच लागली, तेव्हा कटकट नको म्हणून त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. मोटर उघडली तर बेअरिंग गेलेलं. आणखी दोन दिवसांत जळाली असती आणि ऊस ऐन पाण्याच्या पाळीला वाळला असता. तेव्हापासून अण्णा मोटर सुरू केली की आधी अक्काच्या खिडकीकडे बघायचे. तिनं मान डोलावली की मगच बांधावर जायचे.

मेकॅनिक मात्र दुखावला. "आमी पाना लावून बघतो," तो मला म्हणाला, "ह्या नुसता कान लावून बघत्यात."

* * *

मराठी तिनं कारखान्यात आणि काकूंच्या स्वयंपाकघरात उचललं, त्यामुळं ते माझ्यापेक्षा अस्सल झालं. अक्षरं भोपळ्यांवरच्या खडूवरून गिरवली. एकदा ती आपल्या नाटकांबद्दल सांगत होती. नायिका म्हणून तिला बहुतेक रोज मरावं लागे. कधी विष, कधी सुरी. पण सगळ्यात अवघड क्षयाची बाई. ती खोकत खोकत मरते आणि मरताना चांगला पाव तास गाते.

बाबूभाईंची कानस थांबली. "पाव तास? माईकवर?"

"माईक न्हाई. म्होरं साठ-सत्तर वाजंत्री."

"येवढा दम हुता तर मेली कशाला? मिरजेला आणायची."

मिरजेच्या दवाखान्यांचा आम्हां सगळ्यांनाच अभिमान. गुणाक्का इतकी हसली की बाक धरून बसली. मग डोळे पुसत म्हणाली की खरंच, इतक्या वेळा मेले पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

* * *

तिची एक गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. चार वर्षं गाणं बंद होतं, पण श्वासाचा रियाज एक दिवस चुकला नव्हता. रोज पहाटे भिंतीकडे तोंड करून तासभर नुसता श्वास. आवाज नाही, काही नाही. जे परत येईल याची खात्री नाही, त्याची जागा तिनं झाडून-पुसून ठेवली होती. वर्गात पोरं 'उद्या करतो सर' म्हणाली की मला हटकून गुणाक्काची ती भिंत आठवते.

काकूंनी हे पाहिलं आणि त्याही शिकल्या. पोटावर हात ठेवून श्वास कसा घ्यायचा, गळा न ताणता हाक कशी द्यायची. महिनाभरात काकूंची हाक घराच्या पायरीवरून तीन शेतं ओलांडून जाऊ लागली.

अण्णा बाकावर येऊन हताशपणे म्हणाले, "मास्तर, आता उसात जाऊन निवांत पान खायची सोय ऱ्हायली न्हाई बघा."

* * *

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही अण्णांच्या जीपमधून औंधला गेलो. यमाईचा डोंगर चढून वर पोचलो तर पायरीवर एक म्हातारी नारळ विकत बसली होती, वडूजकडची. ही बाई काय करते, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, गातात.

"गात हुते," अक्का स्वतःच म्हणाली. "आता आवाज गेला."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. "गेला? मंग आत्ता बोललीस त्यो कुनाचा?"

कोणी हसलं नाही. अक्कानं नारळ घेतला, देवीला वाहिला, आणि परतीच्या वाटेवर गळ्यातल्या रुमालाची गाठ चाचपत राहिली. विट्याजवळ अण्णांनी एक विनोद सुरू केला, पण तो अर्ध्यातच सोडून दिला.

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बाकावर होतो. बाबूभाई आत एका गवयाच्या मोठ्या तंबोऱ्याची जवारी काढत होते. म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत झंकार मोकळा करायचा. चार तारा सावकाश चालल्या होत्या. गुणाक्का आली, आमच्याशी न बोलता आत गेली आणि चटईवर बसली. गळ्यातला रुमाल तिनं सोडून बाजूला ठेवला.

आधी नुसता एक सूर आला, इतका हलका की मला वाटलं तारच बोलतेय. मग तो मोठा झाला. मग ती गायला लागली. क्षयाच्या बाईचंच गाणं, पण मूळच्यापेक्षा कितीतरी खाली, असं अण्णा नंतर म्हणाले. मला एवढंच कळलं की अंगावर काटा आलाय आणि शेजारी अण्णा टोपी काढून मांडीवर घेऊन बसलेत. एका जागी आवाज फाटला. ती थांबली नाही, आणखी खाली उतरून पुढं गेली. रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकवून उभा राहिला, तो तसाच.

गाणं संपलं. बाबूभाईंनी वाहवा केली नाही. त्यांनी तारांवरचा हात काढला, स्टूल ओढलं, वर चढले, आणि खालच्या पट्टीच्या मर्दानी तंबोऱ्यासाठी राखून ठेवलेला सगळ्यात मोठा भोपळा उतरवला. मांडीवर घेऊन फडक्यानं पुसला. खिशातून खडू काढला.

"काळी दोन का वो?" अण्णांनी हळूच विचारलं.

बाबूभाईंनी खडू भोपळ्याला टेकवला. जिथं पट्टी लिहायची, तिथं त्यांनी सावकाश अक्षरं काढली आणि भोपळा तिच्याकडे फिरवला. तिनं बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं.

गु. णा. क्का.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबूभाईंनी खडूचा हात वर केला.

"मास्तर, ह्याचं इंग्रजी करू नगासा."