मस्टरबायचा अर्ज

मस्टरबाय मान वर न करता माणूस ओळखायची. सकाळी खाणीच्या फाटकाशी कामगारांची रांग लागे. प्रत्येक जण खिडकीशी येऊन आपला नंबर सांगे आणि बाय हजेरीच्या मस्टरात खूण करी, नजर कागदावरच ठेवून. एखाद्याने घरी झोपलेल्या मित्राचा नंबर सांगितला की तिचं पेन थांबे. "एकशे बाराचो आवाज मी वळखतंय. जा, तेका उठवन घेवन ये." रांगेत हशा पिके आणि तो पठ्ठ्या खाली मान घालून पुढे सरके.

डिचोली तालुक्यातल्या एका खाणीचं ते ऑफिस. मी पेडण्याचा, नुकताच बी. कॉम. झालेला, पगार विभागात शिकाऊ म्हणून लागलो होतो. बाय तेव्हा चाळिशीपुढची, मूळची सावंतवाडीकडची. तिचे वडील तिकडून येऊन या खाणीवर मुकादम झाले होते. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून त्यांच्या माणसांची हजेरी ही मॅट्रिक झालेली मुलगी लिहून देई. पुढे कंपनीने तिलाच कामावर घेतलं. वीसेक वर्षं ती तिथे होती. मला शिकवायचं काम साहेबांनी तिच्यावर सोपवलं, ते मला जरा लागलंच. पदवीधराने मॅट्रिकवालीकडून शिकायचं!

पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याकडून सरावासाठी एक पगारपत्रक करून घेतलं. त्यात माझंच नाव घातलं आणि तीन दिवस गैरहजर मांडले. मी म्हटलं, "बाय, मी तर रोज आलो." ती म्हणाली, "ठावक आसा. पण कोणाच्या तरी हातान चूक झाली. आता एवढ्या पगारात म्हयनो काढ. बसचा भाडा, आवशीचा औषध, काय काय सोडशीत ता लिही." मी चिडून लिहायला बसलो. आईच्या औषधाशी येऊन थांबलो, तेव्हा तिने कागद काढून घेतला. "बस. हेच शिकयचा होता."

तक्रार घेऊन कुणी खिडकीशी आला की बाय उठून उभी राहायची. समोर साधा हमाल असला तरी. मी एकदा कारण विचारलं. "बसान आयकला मगे आपलाच खरा वाटता," ती म्हणाली. रजा, जादा काम, भविष्यनिर्वाह निधी, सगळं मी तिच्याकडूनच शिकलो. तिला इंग्रजी मात्र रकान्यांच्या मथळ्यांपुरतंच येई. इंग्रजी कागद आला की ती माझ्यासमोर ठेवी, "वाच रे बाबू."

ऑफिसात संगणक येणार असं ठरलं, त्या वर्षी एक इंग्रजी परिपत्रक आलं. पणजीला तीन महिन्यांचं प्रशिक्षण, संगणकावर पगार करण्याचं. आमच्या खाणीतून एकच माणूस पाठवायचा होता, आणि परत आल्यावर त्याला वरची श्रेणी मिळणार होती. बाय दुपारी ते माझ्याकडे घेऊन आली. हात पदराला पुसत म्हणाली, "माका जावचा आसा. शिक्षण काय मागतत बघ."

मी वाचलं. मॅट्रिक आणि पगाराच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव, किंवा पदवी. एकाच ओळीत दोन्ही होतं. ती जागा तिची होती हे मला त्याच क्षणी कळलं.

"ग्रॅज्युएट मागतात, बाय," मी म्हणालो.

तिने त्या कागदाची घडी घातली. "बरा झाला तुका इचारलंय. अर्ज दिलंय आसतंय तर हसा झाला आसता."

दोन दिवसांनी साहेबांनी मला विचारलं, "बायने अर्ज कसा नाही दिला?" मी म्हटलं, "घरची अडचण असेल." हेही खोटंच. पहिल्या खोट्यासारखं हे अचानक तोंडातून गेलं नव्हतं. दोन दिवस मी ते तयार ठेवलं होतं.

निवड माझी झाली. मी निघालो त्या दिवशी ती डिचोलीच्या बसस्टँडवर आली. भाजी भरलेले दोन उंडे, गोव्याचे गोल पाव, माझ्या हातात देत म्हणाली, "पणजेक खाणा म्हाग. आणि थंयसर इचारूक लाजा नको." बस पणजीच्या रस्त्याला लागली तरी ती हात हलवत उभी होती. उंडे मी शेजारच्या प्रवाशाला दिले.

परत आलो तो तिचा वरिष्ठ होऊन. ती मस्टर वाची, मी टाइप करी. "माकाय दाखय रे," ती म्हणाली, आणि मी तीन महिन्यांत शिकलेलं तिने पंधरा दिवसांत उचललं. तेव्हाच तिने एकदा विचारलं, "बाबू, ग्रॅज्युएट होवक किती वर्सां लागतत?" मला थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. मुक्त विद्यापीठात तिने नाव घातलं. आधी पूर्वतयारीची परीक्षा, मग बी. ए. रविवारी ती सावंतवाडीच्या केंद्रावर जाई, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसे. एकदा एका विषयात नापास झाली, तेव्हा मी म्हणालो, "राहू दे ना बाय, कशाला त्रास?" ती म्हणाली, "तूच सांगितलंस मा, ग्रॅज्युएट व्हया म्हणान?" त्यानंतर तिच्या टेबलाकडे पाहायचंच मी टाळू लागलो.

पास झाली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यात आधी माझ्याकडे आली. "आता तो कोर्स परत निघांदे. आता माका कोण नाय म्हणता ता बघतंय!" मी पेढा घेतला आणि खाल्ला. सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं. तो कोर्स पुन्हा निघाला नाही. नोकरीच्या शेवटपर्यंत ती त्याच पगारावर राहिली आणि मग मुलाकडे वास्कोला गेली.

तिथेच ती वारली. कळल्यावर मी बाराव्याला गेलो. बाहेरच्या खोलीत, देवाच्या फोटोंच्या ओळीत, तिचं पदवीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. मी कोण ते सांगताच मुलगा उठून जवळ आला. "तुम्हीच ते? आई नेहमी सांगायची, पेडण्याच्या मुलानं मला खरं काय ते तोंडावर सांगितलं, म्हणून मी शिकले. माझ्या मुलीलाही तिनंच शिकवलं."

दारात उभ्या असलेल्या कॉलेजच्या वयाच्या मुलीला त्याने हाक मारली. "ये गो, काकांच्या पाया पड."

ती वाकली. मी पाय मागे घेतले.