भाईंदरचे साप आणि मिलिंदची आई

साप पकडायचा नाद लागला की हाताला साप कमी लागतात, किस्सेच जास्त! मी आणि मिलिंद, दोघेही नोकरीवाले. नव्वदच्या आसपास भाईंदर पूर्वेला खाडीलगत भराव टाकून बिल्डिंगा उठत होत्या आणि बिळं बुजलेले साप सरळ लोकांच्या घरात शिरत होते. आमच्याकडे फोन नव्हता. निरोप यायचे कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठकडे. आम्ही शिकवलेलं एकच वाक्य शेठ सगळ्यांना ऐकवायचे, "साप पे से नजर मत हटाना, लडके आ रहे हैं!" साप नजरेआड झाला की आम्हाला अख्खं घर उपसावं लागायचं.

एका रविवारी सकाळी निरोप आला, टीव्हीमागे नाग! धापा टाकत पोचलो, तर खोलीत निम्मी बिल्डिंग मांडी घालून बसलेली. पौराणिक मालिका चालू.

"नाग कुठाय?" मी विचारलं.

"टीव्हीच्या मागेच आहे. बसा, जाहिराती लागल्या की पकडा!"

मिलिंद बसला की हो!

आमच्या या नादाला खरा विरोध एकीचाच, मिलिंदच्या आईचा. मावशी मूळच्या बीडच्या. एकदा मिलिंदने पकडलेला साप कापडी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवला. मावशींनी मेथी समजून पिशवी खाली काढली. पुढचं सांगत नाही. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता घरात एक जरी साप दिसला, तर मी चालले बीडला. मग तू हाय अन् तुझे साप!"

मावशी नुसतं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. वडील गेल्यावर या दोघांना इथे एकमेकांशिवाय कोणीच नव्हतं. मिलिंद सापाला भीत नसे, पण त्या वाक्याला जाम टरकायचा.

नया नगरात एका बाथरूममधून आम्ही पाणसाप उचलला. उचलल्याबरोबर त्याने गिळलेला बेडूक ओकून टाकला. बेडूक जिवंत! टुणकन उडी मारून थेट सोफ्याखाली.

घरातल्या बाई म्हणाल्या, "साप तो आपका हो गया भाईसाब, अब ये मेंढक किसका?"

सापाला पाच मिनिटं लागली होती. बेडकाला पाऊण तास.

एका नव्या बिल्डिंगच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये नाग निघाला. सेल्समन हात जोडून म्हणाला, "कस्टमर आलेत हो! तुम्ही प्लंबर आहात, ओके?" नाग पाइपात घेतला, दोन्ही टोकांना फडकं बांधलं आणि निघालो. जिन्यात कस्टमरनेच अडवलं. पाइप चांगला आहे ना, म्हणून बोटांनी टकटक करून बघायला लागला.

मिलिंद कळवळून म्हणाला, "ठोको मत अंकल, जाग जाएगा!"

साप सोडायला आम्ही वरसाव्याच्या पुढे जंगलात जायचो. तिथे गावातल्या एका आजोबांनी आम्हाला गाठलं. "आमच्याकडं साप न्हाय काय? भायंदरचं कशाला आनताय?"

"आजोबा, फ्लॅटमध्ये राहून कंटाळलेत बिचारे," मिलिंद म्हणाला.

"मंग ऱ्हाऊ द्या," आजोबा म्हणाले. "पन जिना शोधत आमच्या घरात येऊ नका म्हनाव!"

आणि मग तो शनिवार. दुपारी शेठचा माणूस धावत आला. "मिलिंदभाई, आप के ही घर में निकला है! माँजी अकेली है!"

आम्ही तसेच पळत सुटलो. तळमजल्याचं घर, मागे गटार, साप आपल्या पायांनी आला असणार. म्हणजे आपल्या पोटाने! पण हे मावशींना कोण पटवणार? वाटभर मिलिंद माफीची वाक्यं पाठ करत होता. "आई, आईशपथ, मी आणला नाही. बीडला नको जाऊस. सोडतो हे सगळं, आजपासून बंद!"

दार उघडंच होतं. आतून मावशींचा आवाज येत होता, अगदी हळू, समजावल्यासारखा. मावशी पाटावर बसल्या होत्या. समोर सिलिंडरला वेटोळं घालून चांगली सहा फुटांची धामण. पोट टम्म फुगलेलं. आमच्या अनुभवी नजरेला आत गेलेला उंदीर स्पष्ट दिसत होता. मावशींनी तिच्यापुढे वाटीभर पाणी ठेवलं होतं.

मिलिंद सगळं पाठांतर विसरला. तो पुढे झाला, धामणीकडे हात नेला, तोच मावशी कडाडल्या.

"थांब! बाहेरून आलास तसाच हात लावतो का? आधी हातपाय धू. पोटुशी हाय ती!"