ओहळावरचा रस्ता

हरेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन ओटीवर आला, तेव्हा हंसा सूप पुढ्यात घेऊन जवळा निवडत बसली होती.

"काकी, मंजूर झालं," तो वाकून तिच्या पाया पडला. "नव्या रस्त्याला काकांचं नाव. रविवारी कार्यक्रम आहे. पडदा तुझ्याच हातून सरकवायचा."

"कुठला रस्ता?"

"टॉवरकडं जातो तो. आपला."

हंसाचे हात थांबले. टॉवरकडे जाणारा रस्ता एकच होता आणि तो ओहळ बुजवून केलेला होता. त्याच ओहळापायी जयरामभाऊंनी, तिच्या नवऱ्यानं, सगळी उमर खर्ची घातली होती.

खाडीकाठच्या त्या गावाचं पावसाचं पाणी ओहळातूनच खाडीला मिळायचं. आजूबाजूची भातखाचरं टॉवर बांधणाऱ्या बिल्डरला विकली गेली, तसे मातीचे डंपर यायला लागले. जयरामभाऊ सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर. पाळी संपवून सायकलवरून यायचे ते घरी चहासुद्धा न घेता आधी ओहळ बघायला. 'भाऊ' त्यांना गावानं केलेलं. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या, की लोक यांच्या दारात. भांडायला उभे राहिले की आवाज पार वेशीपर्यंत जायचा, पण गावातली कुठलीही मुलगी सासरी निघाली की पहिली धार भाऊंच्याच डोळ्यांना.

डंपर पहिल्यांदा ओहळापर्यंत आले, तेव्हा भाऊ भर उन्हात छत्री उघडून समोर उभे राहिले आणि पाठीशी अख्खं गाव. बायकांनी रस्त्यातच चुली मांडून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. हंसाच्या बाजूच्या चुलीवर जयवंती होती, तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण.

"डायवरांना पन वाढा," भाऊ म्हणाले. "ती पोटासाठी आलीत. त्यांच्याशी आपलं काय वैर?"

ड्रायव्हर पोटभर जेवले आणि भरलेल्या गाड्या तशाच मागे घेऊन गेले. गावानं ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगितली.

हरेश म्हणजे भाऊंच्या थोरल्या भावाचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले. हंसाला मूलबाळ नव्हतं, तिनंच त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर मोर्च्यात घोषणा द्यायला तो सगळ्यांत पुढे. नगरसेवकपदाला उभा राहिला, तेव्हा भाऊ दुखरे गुडघे घेऊन दारोदार फिरले. "ह्यो निवडून आला की ओहळाला धनी मिळंल," म्हणायचे.

तो निवडून आला. पहिल्याच चैत्रात त्यानं सगळ्या गावाला कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला न्यायचं काढलं. बसगाड्या, जेवणखाण, सगळं त्याच्याकडे. बायका घरच्या कामांची सबब सांगू लागल्या, तशी त्यानं हंसाला गाठलं.

"काकी, तू पुढं झालीस तरच त्या येतील."

हंसाला अभिमान वाटला. ती घराघरांत गेली, एकेकीला समजावून तयार केलं. गुडघ्यांमुळे भाऊंना गडाच्या पायऱ्या चढवणार नव्हत्या. ते मागे राहिले.

बसगाड्यांनी हायवे धरला आणि इकडे डंपरची रांग गावात शिरली. भाऊ जाऊन उभे राहिले. मागे वळून पाहिलं, तर दोन-चार म्हातारी माणसं. ठेकेदाराच्या पोरांनी त्यांना दंडाला धरून चिंचेखाली नेऊन बसवलं. वर प्यायला पाणीही दिलं.

संध्याकाळी बसगाड्या परतल्या, तेव्हा ओहळाच्या जागी लाल मातीचा सपाट पट्टा पडला होता. हंसा प्रसादाची पिशवी छातीशी धरून धावत घरी आली.

"तुमी फोन तरी करायचा!"

"केला ना. हरेशला." भाऊ खाटेवर बसून होते. "म्हनाला, काका, तुमी घरी जाऊन आराम करा."

त्यानंतर पुतण्याचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही.

त्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा घरांत घुसलं. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेत पोहोचवत होते. पायाला कुठेतरी पत्रा लागला. ताप चढला, डॉक्टरांनी साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो सांगितला आणि आठवड्याच्या आत भाऊ गेले. खांदा द्यायला हरेश पुढे होता. रडलाही तोच सगळ्यांत जास्त. ते रडणं बघून हंसानं मनाची समजूत घातली होती, की पोरावर वरून दाब आला असंल, त्याचा नाइलाज असंल.

आता तिनं सूप बाजूला ठेवलं.

"काकांचा फोन आला, तवा तुला सगळं ठाऊक होतं?"

"काकी, विकास काय कुणासाठी थांबतो का? आणि काकांचं नाव कायमचं राहतंय ना."

"मी काय इचारलं?"

हरेशनं मान खाली घातली. "गाव हजर असतं तर मारामारी झाली असती. पोरं आत गेली असती."

"आनि मला कशाला पुढं केलंस?"

"तुझ्याशिवाय बायका निघाल्या नसत्या, काकी."

सरळ, जेवायला बसू का विचारावं तितक्या सहज बोलला तो. हंसानं पेढ्यांचा बॉक्स त्याच्याकडे सरकवला. "ह्या हातांनी तुला भरवलंय मी. तुझा पडदा वढायला ते नाय यायचे."

रविवारी सकाळपासून लाऊडस्पीकर सुरू होता. जयवंती नवी साडी नेसून दारात आली.

"चल ना गो. चार मानसांत बरं नाय दिसत."

"तुला जावंसं वाटतं? चुलीपाशी माज्या बाजूला बसलेलीस तू."

जयवंती खांबाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हंसा, मला ठाऊक होतं. आमच्या पोराला, दीपेशला, बिल्डरच्या लोकांनी तिथं दुकानाचा गाळा कबूल केलेला. एक दिवस गाव रिकामं राहू दे, एवढंच म्हनाले. बसमध्ये तुज्या बाजूला बसून मी आरत्या म्हटल्या. तू मला परसादाचं खोबरं दिलंस."

"आनखी कोनाकोनाला ठाऊक होतं?"

पदर सारखा करून जयवंती कार्यक्रमाला गेली. थोड्या वेळानं स्पीकरवर टाळ्या ऐकू आल्या. टाळ्यांवरून माणसं ओळखता येत नाहीत. तरीही हंसा ओळखायचा प्रयत्न करत राहिली.

पुढच्या पावसात पाणी पुन्हा आलं. ओसरल्यावर गावातली दहा-पंधरा माणसं हंसाच्या दारात गोळा झाली.

"काकी, पालिकेत जायचंय. तुम्ही पुढं झालात तर साहेब ऐकून घेतील."

हंसा एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. यातलं कोण बसमध्ये गप्प बसलं होतं, कोण खरंच अजाण होतं, काही कळत नव्हतं. भाऊ असते तर चपला शोधत कधीच निघाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हरेशकडं जा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. घरातला चिखल अजून काढायचा होता. तिनं झाडू उचलला.